हलणारी एक दाढ आणि नऊ वर्षांचा मधुमेह : कळमन्यातल्या एका दिवाणजींचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५२. नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात संत्र्यांच्या अडतीवर दिवाणजी. नऊ वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. रक्तदाबासाठी अम्लोडिपीन. दिवसाला खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पाच-सहा पुड्या. सोबत पत्नी.

तक्रार त्यांच्याच शब्दांत : "खालची डावी दाढ हालून राहिली जी. तेवढी काढून द्या, बाकी तब्येत मस्त आहे."

दाढ काढून देणं दहा मिनिटांचं काम होतं आणि त्यांना तेवढंच हवं होतं. हिरड्यांच्या डॉक्टरकडे बहुतेक माणसं अशीच येतात, एका दातासाठी. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण त्या एका दाढेमागे जे निघालं ते नागपुरातल्या असंख्य घरांत आज चालू असेल आणि ते वेळेवर ओळखता येतं.

विचारपूस करताना एकेक गोष्ट बाहेर आली. दोन दात आधीच गेले होते. एक दाढ बाहेर कुठेतरी काढली होती, दुसरी जेवताना आपोआप हातात आली. दुखलं होतं का? "नाही जी, काहीच नाही." हिरड्यांतून रक्त? "येते कधीकधी. उन्हाळ्यात जास्त. गरमी असते नं." नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे अंगातली उष्णता हे कारण इथे सगळ्यांना पटतं आणि शंका तिथेच संपते. हिरड्यांतल्या रक्ताचा उन्हाशी संबंध नाही. दात आणि हिरडीच्या सांध्यावर साचलेल्या जंतूंच्या थराला शरीर जे उत्तर देतं, त्यातून सूज येते आणि सुजलेली हिरडी जराशा धक्क्यानं रक्त सोडते. दिवाणजींनी रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं होतं. बोटानं मंजन फिरवून चूळ भरायचे. थर वाढला, सूज वाढली, रक्त वाढलं.

पत्नीनं दोन गोष्टी सांगितल्या, ज्या त्यांनी स्वतः सांगितल्या नसत्या. तोंडाला वास येतो, जवळ बसवत नाही. आणि वर्षातून तीन-चारदा हिरडीला फोड येतो. मग मेडिकल स्टोअरमधून अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी आणली जाते, फोड फुटतो, दोन दिवसांत बरं वाटतं. मधुमेह्याच्या हिरडीला असा फोड पुन्हा पुन्हा येणं ही ठळक खूण आहे. दातावर घट्ट बसलेल्या जंतूंच्या थरात गोळीचं औषध नीट पोचत नाही. वरची आग विझते, खालचा थर तसाच राहतो. थर खरवडून काढल्याशिवाय त्या गोळ्यांनी आजार हटत नाही. डॉक्टरला न विचारता घेतलेल्या अशा प्रत्येक कोर्सनं पुढच्या खऱ्या गरजेच्या वेळी औषध निकामी ठरण्याचा धोका मात्र वाढतो.

तपासणीत काय दिसलं

हिरड्यांची तपासणी साध्या हत्यारानं होते : मिलिमीटरच्या खुणा असलेली, टोकाला बोथट अशी बारीक सळई, प्रोब. दात आणि हिरडी यांच्यामध्ये ती हलकेच घालायची आणि किती खोल जाते ते पाहायचं. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर जाते. चार किंवा त्याहून जास्त गेली, रक्त आलं, तर तिथे खिसा तयार झाला आहे, ज्यात ब्रश पोचत नाही. दिवाणजींच्या दाढांभोवती ६ ते ८ मिलिमीटरचे खिसे होते आणि निम्म्याहून जास्त जागी प्रोब लावताच रक्त आलं. दुखत असलेली एकही जागा नव्हती.

संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत दातांच्या मुळांभोवतीचं हाड मधल्या तिसऱ्या भागापर्यंत खाली गेलेलं दिसलं. तक्रारीच्या दाढेला तर टोकापर्यंत आधार उरला नव्हता. ती वाचणारी नव्हती.

आणखी दोन गोष्टी. तोंड पूर्ण उघडत नव्हतं, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३२ मिलिमीटरच भरलं आणि गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे हाताला लागत होते. ही सुपारीची करणी. खर्रा म्हणजे भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून केलेलं मिश्रण, आपल्याकडच्या प्रत्येक पानठेल्यावर मिळणारं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. गालातले हे पट्टे कर्करोगाआधीची अवस्था असू शकतात, म्हणून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात, तोंडाच्या अशा आजारांच्या विभागाकडे त्यांना स्वतंत्रपणे पाठवलं. आणि पुडी नेहमी ज्या उजव्या कोपऱ्यात दाबून ठेवायचे, तिथली हिरडी मुळावरून खाली सरकलेली होती.

रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, ९.२ टक्के.

२०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या वर्गीकरणानुसार निदान : पेरिओडोंटायटिस, म्हणजे दातांभोवतीचं हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार, तिसरा टप्पा, 'सी' श्रेणी. टप्पा म्हणजे आतापर्यंत किती नुकसान झालं. श्रेणी म्हणजे ते किती वेगानं वाढतं आहे. या वर्गीकरणात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : मधुमेह्याचं एचबीएवनसी ७ किंवा त्याहून जास्त असेल तर श्रेणी आपोआप 'सी' होते. रक्तातली साखर आता हिरड्यांच्या निदानाचाच भाग आहे. उलट दिशेनं असं अजून होत नाही. या रुग्णाच्या नऊ वर्षांच्या फाइलमध्ये डोळ्यांच्या पडद्याची तपासणी होती, लघवीतलं प्रथिन होतं, पायाच्या संवेदनेची नोंद होती. तोंडाबद्दल एकही ओळ नव्हती. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यापैकी कितींच्या फाइलमध्ये ती ओळ असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

"आमच्यात पन्नाशीत दात जातातच"

दिवाणजींचं हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकलं आहे. वडिलांचे पन्नाशीत पडले, काकांचे पडले, आता आपले. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते झटकून टाकू नये.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे १२ निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं गेलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरड्यांची वरवरची सूज, जिंजिव्हायटिस, कुणालाही होऊ शकते आणि पूर्ण बरी होते. पण तिथून पुढे हाड झिजण्यापर्यंत प्रत्येकजण सारख्या वेगानं जात नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांवर १९७० पासून पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. दात साफ करण्याची सवय त्यांच्यात जवळपास नव्हतीच, सगळ्यांच्या दातांवर कीट साचलेलं. तरी त्यांच्यापैकी ८ टक्क्यांचा आजार झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांचा सुजेपुढे गेलाच नाही. अंगचा वाटा आहेच. दिवाणजींच्या घराण्यात तो असेल. पण त्यांच्या वडिलांनाही साखर होती, वडीलही तंबाखू खायचे, असं त्यांनीच पुढच्या भेटीत सांगितलं. घराण्यात काय काय चालत आलं, त्याची यादी केली तर दात हे त्यातलं शेवटचं निघालं.

साखर आणि हिरडी एकमेकांचं काय बिघडवतात

साखर जास्त राहिली की रक्तातली साखर प्रथिनांना चिकटून जी संयुगं होतात, ती हिरडीच्या पेशींना सतत डिवचत ठेवतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, पण दाहाची रसायनं मात्र जास्त सुटतात. हिरडीचे धागे तोडणारी विकरं वाढतात, नवे धागे बनण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे तेवढ्याच किटानं जास्त नुकसान होतं आणि जखम भरायला जास्त दिवस लागतात. १९९३ मध्येच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं गेलं.

दुसरी बाजू लोकांना ठाऊक नसते. खोल खिशांच्या आतलं अस्तर फाटलेलं असतं. त्या उघड्या जागेतून चावताना, घासताना जंतू आणि त्यांचे अंश रक्तात जातात. सगळ्या दातांभोवतीचं असं अस्तर एकत्र केलं तर किती भरेल? तळहाताएवढी जखम, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. २००१ मधल्या मोजमापात हा आकडा ८ ते २० चौरस सेंटिमीटर निघाला, म्हणजे तळहाताहून बराच लहान. तरीही एवढी जखम पायावर असती तर दिवाणजी नऊ वर्षं थांबले नसते. त्या जागेतून इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाहाची रसायनं रक्तात उतरतात, यकृत सीआरपी हे दाहाचं प्रथिन वाढवतं आणि इन्सुलिनला पेशींचा प्रतिसाद कमी होतो. परिणामी साखर चढते. चढलेली साखर परत हिरडीवर येते.

उपचार कोणत्या क्रमानं केले

पहिल्या दिवशी दाढ काढली नाही, यावर ते थोडे नाराज झाले. साखर ९.२ असताना, आजूबाजूला पू असताना घाई करण्यासारखं काही नव्हतं. दाढ दुखत नव्हती. आधी त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना पत्र दिलं : हिरड्यांचा गंभीर आजार आहे, उपचार सुरू करतो आहे, साखरेच्या औषधांचा आढावा घ्यावा. त्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि चालायला सांगितलं.

भेटीची वेळ हाही उपचाराचाच भाग होता. दिवाणजी पहाटे चारला उठून यार्डात जातात, संत्र्यांचा लिलाव उरकेपर्यंत चहाशिवाय काही पोटात जात नाही. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी पोटी खुर्चीत बसलेल्या माणसाची साखर एकदम उतरू शकते. म्हणून साडेअकराची वेळ ठरवली, नाश्ता आणि गोळी झाल्यावर, आणि सुई देण्याआधी बोटाच्या रक्तावर साखर बघूनच.

जबड्याचा एकेक भाग बधिर करून हिरडीच्या वरचं आणि खालचं कीट काढलं, मुळं गुळगुळीत केली. मधल्या एका भेटीत ती दाढ काढली. दोन आठवड्यांपुरतं ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक चूळ भरायला दिलं; जास्त दिवस दिलं तर दात तपकिरी पडतात आणि चव बदलते. दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश दिला, मापानुसार दोन आकारांचा, आणि आरशासमोर त्यांच्याच हातानं करून घेतलं. तोंड कमी उघडत असल्यानं मागच्या दाढांपर्यंत नेहमीचा ब्रश जात नव्हता, त्यांना लहान डोक्याचा, मुलांच्या मापाचा ब्रश लागला. असे तपशील छोटे वाटतात, पण उपचाराचं यश बव्हंशी यांच्यावरच ठरतं.

आता त्या समजुतीबद्दल, जिच्यामुळे लोक वर्षानुवर्षं येत नाहीत : दात साफ केले की ढिले होतात. तिसऱ्या भेटीत दिवाणजीही हेच म्हणाले. "आधी घट्ट होते जी, आता जिभेनं फटी लागून राहिल्या." त्यांचा अनुभव खरा होता. हाड आधीच गेलेलं असतं. दातांच्या मध्ये साचलेलं दगडासारखं कीट त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतं, वाळवी लागलेल्या खांबाला बाहेरून सिमेंट थापावं तसं. ते काढलं की खरी स्थिती उघडी पडते. शिवाय सुजलेली हिरडी उतरते, मुळाचा थोडा भाग दिसू लागतो, दात लांब वाटतात, थंड पाणी झिणझिणतं. पहिल्या भेटीआधीच हे सगळं होणार म्हणून त्यांना सांगितलं होतं, फोटो दाखवले होते, म्हणून ते परत आले. न सांगता केलं असतं तर कळमन्यात त्यांनी आणखी दहा जणांना माझ्याकडे येण्यापासून परावृत्त केलं असतं, आणि त्यांना दोष देता आला नसता. झिणझिण काही आठवड्यांत कमी झाली. पुढे हाडाला चिकटलेले धागे आवळले, तसे बाकीचे दात पूर्वीपेक्षा स्थिर झाले.

खालच्या पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगीर होत्या, त्यात अम्लोडिपीनचा हात असावा अशी शंका होती. हे औषध काही जणांच्या हिरड्या वाढवतं. साफसफाईनंतर फुगीरपणा बराच उतरला, म्हणून औषध बदलायची वेळ आली नाही. अशी शंका आली तरी गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते.

खर्रा सोडवणं सर्वांत अवघड गेलं. अडतीवर दिवस पुडीनंच सुरू होतो, कुणीतरी घोटत असतं, नाही म्हणणं म्हणजे माणूस तोडणं. हलणाऱ्या दाढांनी निकोटीनचा गम चघळायला सांगणं बरोबर नव्हतं, म्हणून दंडावर लावायचा पॅच सुचवला आणि १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक दिला. त्यांनी फोन केला, कारण पत्नीनं समोर बसून लावायला लावला. पुड्या आधी दोनवर आल्या, मग बंद झाल्या. लग्नसराईत पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा बंद केल्या. मी प्रत्येक भेटीत विचारतो, रागावत नाही. रागावलं की पुढच्या वेळी खोटं सांगितलं जातं, आणि आजाराचा माग हरवतो.

तीन महिन्यांनी

बहुतेक खिसे ३ ते ४ मिलिमीटरवर आले. रक्त येणाऱ्या जागा निम्म्याहून जास्त होत्या, त्या अगदी थोड्या उरल्या. फोड आला नाही. एचबीएवनसी ७.९.

९.२ वरून ७.९, म्हणजे १.३ टक्क्यांची घट. ती हिरड्यांच्या उपचारामुळे झाली असं लिहिण्याचा मोह कुणालाही होईल, आणि तो टाळला पाहिजे. मधल्या काळात एक गोळी वाढली होती, ते संध्याकाळी चालू लागले होते, दोन्ही बाजूंनी चावता येऊ लागल्यावर जेवणात डाळ-भाताच्या जोडीला भाज्या आणि ज्वारीची भाकर परतली होती. अभ्यास काय सांगतात? अनेक चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये आलेल्या कॉक्रेन आढाव्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी ०.४३ टक्क्यांनी कमी आढळलं. २०१३ मधल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत मात्र फरक दिसला नव्हता. त्या चाचणीत उपचारानंतरही हिरड्या पुरेशा स्वच्छ झाल्या नव्हत्या, असा आक्षेप अनेकांनी घेतला. माझ्या मते दिवाणजींच्या घटीत हिरड्यांचा वाटा असलाच तर तो एक तृतीयांशाच्या आसपास असावा, आणि तोही सिद्ध करता येणार नाही. पण सरासरी ०.४ म्हणजे साखरेची आणखी एक गोळी सुरू केल्यावर जो फरक पडतो, त्याच्या जवळ जाणारा फरक आहे. तोही पू, वास आणि दात जाणं थांबवणाऱ्या उपचारातून. तो उपचार मधुमेहाच्या काळजीबाहेर ठेवायला कोणतंही कारण उरत नाही.

याच भेटीत त्यांनी विचारलं, "हिरड्यानं अटॅक येते का जी?" भावाची अँजिओप्लास्टी झाली होती, म्हणून भीती होती. खरं उत्तर असं : हिरड्यांचा गंभीर आजार आणि हृदयविकार हे एकाच माणसात जास्त वेळा सोबत आढळतात. तंबाखू आणि मधुमेह वजा करूनही हा संबंध उरतो, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये नोंदवलं. मात्र एकामुळे दुसरा होतो, किंवा हिरड्या बऱ्या केल्यानं अटॅक टळतो, याला पुरावा नाही, असंही त्याच निवेदनात होतं. अटॅकची भीती घालून लोकांना खुर्चीत बसवणं मला मान्य नाही. हिरड्यांवर उपचार करायला त्यांचा स्वतःचा आजार पुरेसा आहे. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा ज्यांना पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झाला आहे, त्यांची गोष्ट वेगळी : त्यांनी दातांच्या डॉक्टरला हे आधीच सांगायचं, कारण हिरडीवरच्या कामाआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. आणि रक्त पातळ करणारी गोळी दात काढायच्या आदल्या दिवशी स्वतःहून बंद करणारे रुग्ण दर महिन्याला भेटतात. ते दातापेक्षा कितीतरी मोठा धोका पत्करत असतात.

वरच्या उजव्या बाजूच्या दोन दाढांभोवती ६ मिलिमीटरचे खिसे उरले होते. साखर ८ च्या खाली आल्यावर तिथे हिरडी उघडून आतली सफाई केली. एका दाढेच्या मुळांच्या दुभाजकात हाड गेलेलं आहे. ती किती वर्षं टिकेल याची खात्री त्यांना दिली नाही. काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट हवं म्हणतात. खर्रा सलग सहा महिने बंद आणि एचबीएवनसी ७ च्या आसपास, तोवर त्यावर बोलायचं नाही असं दोघांनी मिळून ठरवलं आहे. दर तीन महिन्यांनी मोजणी आणि सफाई चालू राहील. एवढ्या झिजलेल्या हाडावर वर्षभराची सुटी परवडत नाही. गालातल्या पट्ट्यांची तपासणी दंत महाविद्यालयात चालू आहे. तोंड आता ३४ मिलिमीटर उघडतं.

त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी पुढच्या वेळी दुसरा रुग्ण पाठवला, चिठ्ठीवर एचबीएवनसीच्या आकड्याखाली लिहून : हिरड्या बघाव्यात.